पाणी मागून भरतं

२०१९ची दिवाळी आमच्या तालुक्यात कुणाला गोड लागली नाही. नांदगाव म्हणजे नाशिक जिल्ह्याचं कोरडं टोक. पाऊस जास्त झाला, ही तक्रार आमच्या तोंडी सहसा येत नाही. त्या वर्षी मात्र ऑक्टोबर सरत आला तरी पाऊस हटेना. सोंगून ठेवलेल्या मक्याच्या कणसांना शेतातच कोंब आले, बाजरी काळी पडली, कांद्याची रोपं वाफ्यात सडली. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरी भरलेल्या, पंप बंद, त्यामुळे दुकानात काम नाही. भाऊबीजेला मेहुणा ओवाळून घ्यायला आला तो चेहरा टाकूनच. जेवताना म्हणाला, "दाजी, दोन दिवस कुठंतरी जाऊ. शेताकडं बघवत नाही."

समुद्रावर जायचं मी सुचवलं, आणि तिथं मासे धरायचे हेही मीच ठरवलं. पुढं जे झालं ते इथून सुरू होतं, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. त्या सहलीत माझी बायको, तेरा वर्षांची थोरली, आठ वर्षांचा धाकटा, मेहुणा आणि त्याची बायको एवढे जण माझ्या शब्दावर पाण्यात उतरले. त्यातल्या एकालाही समुद्राची माहिती नव्हती. मलाही नव्हती, पण मला ती आहे असं सगळ्यांना वाटत होतं, आणि मी तसं वाटू दिलं होतं.

याचं कारण गिरणा धरण. धरण आमच्याच तालुक्यात. त्याचं पाणी खाली जळगाव जिल्ह्याला जातं, पण काठ आमचा. मला गळाचा नाद शाळेपासून. कणकेचा गोळा लावून चिलापी, गांडूळ लावून मरळ, आणि नशीब असलं तर चांगल्या वजनाचा शिंगाडा. त्या वर्षीच्या पावसानं गिरणा बऱ्याच वर्षांनी काठोकाठ भरलं होतं, आणि सप्टेंबरातले माझे सगळे रविवार तिकडंच गेले होते. घरात मासा आला की तो माझा, हे पोरांनी लहानपणापासून पाहिलेलं. धरणाच्या काठावर कुठं चिखल आहे, कुठं एकदम खोल होतं, हे मी पाण्याच्या रंगावरून सांगू शकतो. पण धरणाचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. ते कुठवर आहे एवढं बघितलं की पुरतं. किती वाजता आहे, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडलाच नव्हता.

जागा ठरली मुरुडजवळची. अलिबागहून रेवदंडा, काशीद करत मुरुडकडं निघालं की वाटेत नांदगाव लागतं. आमच्याच गावाच्या नावाचं गाव आणि त्याला समुद्र, याचं पोरांना फार अप्रूप वाटलं.

आता वादळाबद्दल. टीव्हीवर आठवडाभर 'क्यार'चं नाव चाललं होतं. २४ ऑक्टोबरला कोकणासमोर खोल समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ तारखेला, त्याचं महाचक्रीवादळ झालं. २००७च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रात एवढं मोठं वादळ उठलं नव्हतं. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या वस्तीत समुद्राचं पाणी शिरल्याच्या बातम्या मी दुकानात बसून वाचल्या. मग बातमी आली की वादळ ओमानकडं सरकलं. मी बायकोला म्हणालो, गेलं ते. आमच्याकडं वादळ म्हणजे पत्रे उडणं, झाडं पडणं. ते एकदा होऊन गेलं की दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं आणि माणसं पत्रे गोळा करायला लागतात. मी समुद्राचाही तोच हिशोब धरला.

तो हिशोब का चुकीचा होता हे मी नंतर समजून घेतलं, ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. डिझेल इंजिन बंद केलं तरी त्याचं जड चाक बराच वेळ फिरत राहतं. वादळानं समुद्रात ओतलेली ताकद तशीच राहते. वादळ हजार-दीड हजार किलोमीटर लांब गेलं तरी त्यानं उठवलेल्या लाटा किनाऱ्याकडं चालत येत राहतात, आणि त्यांना वारा लागत नाही. वर आभाळ निळं, झाडाचं पान हलत नाही, आणि खाली लाट मोठी. शिवाय या लांबून आलेल्या लाटा सारख्या येत नाहीत. काही मिनिटं समुद्र निवलेला दिसतो, मग चार-पाच मोठ्या लाटा पाठोपाठ येतात, पुन्हा शांत. काठावर थोडा वेळ उभं राहून बघणाऱ्या नवख्या माणसाला नेमका शांत वेळ दिसला, तर तो फसतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था अशा उंच लाटांचे इशारे किनाऱ्याच्या जिल्ह्यांना देते. हवामान खात्याचा मच्छिमारांसाठीचा इशाराही त्या आठवड्यात चालू होता. तो मी ऐकला होता. तो होड्या घेऊन आत जाणाऱ्यांसाठी आहे, आपण तर काठावरून गळ टाकणार, असं म्हणून मी तो सोडून दिला.

त्यात आणखी एक गोष्ट होती. ३० ऑक्टोबरला, आम्ही गाडीत असताना, लक्षद्वीपजवळ 'महा' नावाचं दुसरं वादळ तयार झालं. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन वादळं होती आणि आम्ही गाडीत गाण्याच्या भेंड्या खेळत होतो. त्या दिवशी मी बातम्या लावल्याच नाहीत, कारण माझ्या मते वादळाचा विषय संपला होता.

संध्याकाळी उतरलो तेव्हा वाटेत दिसलेल्या होड्या वर ओढून बांधलेल्या होत्या. दिवाळीची सुट्टी असेल, असं मला वाटलं. मासेमारी करणारी माणसं बोंबील-पापलेटाच्या ऐन हंगामात होड्या का बांधून ठेवतील, हे मी एकाही माणसाला विचारलं नाही. आमची जेवणाची सोय ज्यांच्याकडं होती त्या मावशींनी आपणहून एवढं सांगितलं, "दर्या अजून बसला नाय. पोरांना घेऊन लांब जाऊ नका." मी हो म्हणालो.

त्यांच्या ओसरीवर भिंतीला कॅलेंडर होतं. चहा पिताना मी त्याच्यासमोरच बसलो होतो. ३१ ऑक्टोबर, कार्तिक शुद्ध चतुर्थी. कोकणातलं पोर जे जाणतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते. चार पाऊण तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि सहा तास मागं गेलं की नऊच्या सुमाराला पुरी ओहोटी. अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. समुद्र सगळ्यात जास्त आत जायचा आणि सगळ्यात जास्त वर यायचा. माझ्या वडिलांना पाऊणकी तोंडपाठ आहे, त्यांच्या शाळेत ती घोकून घेत. मी तिला जुन्या काळातली निरुपयोगी गोष्ट समजत आलो.

हे गाव तर पंचांगाचंच. ग्रहलाघव हा करणग्रंथ लिहिणारे गणेश दैवज्ञ इथले. ग्रंथाचा आरंभ शके १४४२चा, म्हणजे इसवी सन १५२०. पुढं शतकानुशतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यांच्या गणितावर चालली. चंद्र-सूर्य कुठं आहेत हे सोप्या आकडेमोडीत कसं काढायचं, हे ज्यांनी घरोघरच्या जोशांना सुलभ करून दिलं, त्यांच्या गावात बसून मी चंद्राकडं लक्ष दिलं नाही. मला ही माहिती परत आल्यावर मिळाली, आणि ती वाचताना मला फार वाईट वाटलं.

सकाळी आठ-साडेआठला आम्ही वाळूवर आलो. ऊन कोवळं, आभाळ स्वच्छ, समुद्र लांब गेलेला. मी सामान काढलं, आणि पुढची चूक तिथं उघडी पडली. दांडी गिरण्यावरची, हलकी. शिसं बोराएवढं. धरणाच्या उभ्या पाण्यात ते जिथं टाकावं तिथं बसतं. इथं लाटेनं ते प्रत्येक वेळी आडवं वाहत माझ्या पायाशी आणून टाकलं. कणकेचा गोळा तर दोन लाटांत विरघळून गेला. मावशींकडून मूठभर कोळंबी आणली होती ती लावली, पण शिसं टिकेना. अशा वेळी जड शिसं लावायचं किंवा दांडी गुंडाळायची. मी तिसरंच केलं. समोर थोड्या अंतरावर वाळूचा एक लांबट उंचवटा उघडा पडला होता. मध्ये घोट्याएवढ्या पाण्याची पट्टी. उंचवट्यावर गेलो तर गळ फुटणाऱ्या लाटेच्या पलीकडं पडेल, असा मी हिशोब केला, आणि सगळ्यांना हाक मारली.

ती पट्टी ओलांडताना पाणी माझ्या घोट्याला, धाकट्याच्या पोटरीला होतं. तळ आमच्या पुढ्यात उघडा दिसत होता. पण वादळाच्या लाटांनी त्या आठवड्यात वाळू इकडची तिकडं केलेली असणार, कुठं ढीग आणि कुठं चर. ओहोटीच्या वेळी तो चर निरुपद्रवी दिसतो, आणि भरतीचं पाणी सगळ्यात आधी त्याच्यातच शिरतं. समुद्राकडं तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला पाणी समोरून येताना दिसतं, पण त्याची परतीची वाट त्याच्या पाठीमागं भरत असते. आम्ही सहाही जण समुद्राकडं तोंड करून उभे होतो.

दहाच्या सुमारास थोरलीच्या दांडीला झटका बसला. तिचा समुद्रातला पहिला मासा. ओढून वाळूवर घेतला तर करडा, चकचकीत, वीतभर, मिशांचा. शिंगाळा. आमच्या शिंगाड्याच्याच जातीतला. तो वाळूवर पडून गुरगुरल्यासारखा आवाज करत होता. पाठीवरचा काटा ताठ उभा, बाजूचे दोन काटे आडवे पसरलेले. हे काटे एकदा उभे राहिले की कुलूप लागल्यासारखे अडकतात, दाबून आडवे होत नाहीत, हे मला गिरण्यावरून ठाऊक होतं. थोरली म्हणाली, "पप्पा, मी काढू गळ?" माझ्या खिशात पक्कड होती. मी म्हणालो, "काढ. डोक्यामागून धर." तिचा मासा तिनंच काढावा, याचा मला अभिमान वाटत होता. लाट पायावरून गेली, मासा वळवळला, आणि बाजूचा काटा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला.

समुद्रातल्या शिंगाळ्याचा काटा करवतीसारखा दातेरी असतो आणि त्याच्यावरच्या त्वचेत विष असतं. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा निघाला. वेदना मनगटावरून कोपरापर्यंत चढत गेली. ती थरथरायला लागली. रक्त फार नव्हतं. बायकोनं ओढणी बांधली, मेहुण्याची बायको तिला पोटाशी धरून बसली, मेहुणा मासा पक्कडीनं सोडवत राहिला आणि मी काय करावं ते न कळून पाण्यानं हात धूत राहिलो. त्यात किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. धाकटा म्हणाला, "पप्पा, आपले बूट वाहतायत." बूट आम्ही उंचवट्यावर कोरड्या जागी ठेवले होते.

मी वळून बघितलं. घोट्याएवढ्या पाण्याच्या जागी गढूळ पाण्याचा प्रवाह चालला होता, डावीकडून उजवीकडं, आणि पलीकडची वाळू मघापेक्षा खूप लांब होती. मी म्हणालो, "चला, सरळ चला, अजून उतार आहे." मी धाकट्याला खांद्यावर घेतलं आणि पहिला उतरलो. चौथ्या-पाचव्या पावलाला पाणी कमरेला लागलं, पुढच्या पावलाला छातीशी. पायाखालची वाळू सरकत होती. तेवढ्यात मोठ्या लाटांची ती पाठोपाठची रांग आली. लाट उंचवट्यावरून फुटून चरात उतरली आणि तिनं आम्हाला उजवीकडं ढकललं. माझ्या मागं बायको एका हातानं थोरलीला आणि दुसऱ्या हातानं माझा शर्ट धरून होती. माझ्या हातात अजून दांडी होती. ती मी का सोडली नव्हती, याला माझ्याकडं उत्तर नाही.

किनाऱ्यावरून एक बाई ओरडत होत्या. कमरेला टोपली, सकाळपासून वाळूत तिसऱ्या वेचत होत्या त्याच. "सरल येव नको! मागं हो! तिकरून ये, तिकरून!" आणि हातानं डावीकडं, प्रवाहाच्या उलट दिशेला दाखवत होत्या. मला ते पटलं नाही. किनारा समोर दिसत होता आणि त्या आम्हाला पुन्हा समुद्राकडं जायला सांगत होत्या. मेहुण्यानं माझं ऐकलं नाही, त्यांचं ऐकलं. तो ओरडला, "दाजी, मागं फिरा!" आणि बहिणीला दंडाला धरून उंचवट्याकडं ओढलं. त्यानं तसं केलं नसतं तर मी पुढंच गेलो असतो.

उंचवट्यावर तोवर गुडघ्याच्या खाली पाणी होतं. आम्ही एकमेकांचे हात धरून त्याच्या कडेनं डावीकडं चालत गेलो. त्या टोकाला तो उंचवटा किनाऱ्याच्या वाळूला मिळालेला होता. तिथं पाणी मांडीएवढंच, आणि ओढ नाही. बाई त्या टोकाशी पाण्यात येऊन उभ्या होत्या. त्यांनी धाकट्याला माझ्याकडून काढून घेतलं. उजवीकडं, जिकडं लाट आम्हाला ढकलत होती, तिकडं चराला समुद्राकडं तोंड होतं. तिथं लाटा फुटत नव्हत्या, पाणी काळपट, सपाट दिसत होतं. मला काठावरून तेवढीच जागा शांत वाटली असती. चरात साठलेलं सगळं पाणी त्या वाटेनं आत ओढलं जातं.

इथून मुरुड काही किलोमीटरवर. २०१६च्या १ फेब्रुवारीला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ती बातमी मी तेव्हा सगळी वाचली होती, हळहळलो होतो, आणि पोरांनी कुणाला विचारायला नको का, असं दुकानात बसून बोललोही होतो.

मावशींनी थोरलीचा हात सोसेल तितक्या कडक पाण्यात बुडवून ठेवला. या विषावर गरम पाण्याचाच उतारा असतो, हे डॉक्टरांनीही नंतर सांगितलं; थंड पाण्यानं हात धुण्याचा काही उपयोग नव्हता. तासाभरात तिचं रडणं थांबलं. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, काट्याचा तुकडा आत राहिलाय का म्हणून एक्स-रे झाला. नव्हता. त्या रात्री बायको माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत, कसाऱ्याच्या घाटात, ती एवढंच म्हणाली, "त्या मावशींनी सांगितलं तेव्हा तुम्ही हो म्हणाला होतात."

त्यानंतरची चूक नांदगावात झाली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकीकत सांगायला लागलो, आणि प्रत्येक वेळी ती अशी सुरू व्हायची, की आम्ही मासे धरत होतो आणि समुद्र अचानक चढला. ऐकणारे माझ्या धीराचं कौतुक करायचे. एकदा थोरली डबा घेऊन आली होती. हाताला अजून पट्टी. ती ऐकत उभी राहिली आणि माणूस गेल्यावर म्हणाली, "अचानक नाही, पप्पा. आपण आलो तेव्हापासून चढतच होता. कुणी बघत नव्हतं." तिनं हे रागानं म्हटलं नाही. मी त्या दिवसानंतर ती गोष्ट तशी सांगणं बंद केलं. ज्यांना आधी सांगितली होती त्यांतले जे भेटले त्यांना दुरुस्त करून सांगितली: पक्कड माझ्या खिशात होती, दांडी मी सोडली नाही, मागं फिरायचं मेहुण्यानं ठरवलं. मेहुणा अजून म्हणतो की दोष त्या माशाचा, काटा लागला नसता तर आपण वेळेवर निघालो असतो. मला ते पटत नाही. आम्ही वेळेवर निघालो नसतो, कारण वेळ कुठली हे आम्हाला माहीत नव्हतं.

आमच्या भागातून आता खूप माणसं कोकणात जातात. रेल्वे दारात आहे, गाड्या झाल्यात. ती माझ्यासारखीच विहिरीच्या, धरणाच्या पाण्यावर वाढलेली. म्हणून कुणी समुद्रावर निघालंय असं कानावर आलं की मी कामातून मान वर करतो. मध्यंतरी मोटार भरायला टाकून गेलेला एक ओळखीचा शेतकरी म्हणाला की हरिहरेश्वरला चाललोय, आई बरोबर आहे, देवाची प्रदक्षिणा करायची आहे. ती प्रदक्षिणेची वाट खाली समुद्राच्या कातळावरून जाते आणि भरतीला तिथं लाटा चढतात; माणसं ओढली गेलेली आहेत. मी त्याला कुठल्या दिवशी पोचणार ते विचारलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. नवमी. नऊ पाऊण पावणेसात. सकाळी आणि संध्याकाळी पावणेसातच्या आसपास भरती, दुपारी एकच्या सुमाराला ओहोटी. त्याचा बेत पहाटे पोचून आंघोळ करून लगेच प्रदक्षिणा उरकायचा होता. मी त्याला म्हणालो, फोनवर भरतीची वेळ बघून घे, पाऊणकी अदमासाची असते, आणि तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय आईला खाली उतरवू नको. त्यानं तिथंच उभं राहून फोन काढला, वेळ बघितली, आणि घरी फोन लावून सांगितलं की आधी दर्शन, मग जेवण, आणि प्रदक्षिणा दुपारी, तीही तिथले लोक हो म्हणाले तरच.